आरएक्स १०० चा बोअर: पिस्टन आणि भिंतीमधल्या पन्नास मायक्रॉनचा हिशोब

ब्लॉक (सिलिंडर) बोअरिंगला, म्हणजे झिजलेला बोअर आतून कापून मोठा करायला टाकताना बहुतेक जण एवढंच सांगतात: "पुढच्या ओव्हरसाईजला (पुढच्या मोठ्या मापाला) मारून ठेवा." बोअरवाला त्याच्या सवयीने बोअर मारतो, पिस्टन नंतर कधीतरी दुकानातून येतो आणि दोघांची पहिली भेट थेट इंजिनातच होते. रोज दूध घालणाऱ्या गाडीत हे खपून जातं. पण पोर्ट (भिंतीतली मिश्रण आणि धुराची तोंडं) वाढवलेलं, एक्स्पान्शन चेंबर (ताकद वाढवणारा खास सायलेन्सर) लावलेलं, साडेनऊ हजार आरपीएमला पिळलं जाणारं इंजिन असेल तर नाही खपत. एक तर ते घाटात धरतं, म्हणजे पिस्टन बोअरमध्ये जाम होतो, नाही तर दोन महिन्यांत थंड इंजिनातून डबा वाजल्यासारखा आवाज येऊ लागतो.

हा लेख यामाहाची टू-स्ट्रोक मोटरसायकल आरएक्स १०० धरून लिहिलाय. आपल्याकडे सगळ्यात जास्त छेडछाड झालेलं इंजिन तेच. १९८५ मध्ये आली, १९९६ मध्ये बंद झाली, तरी अजून तिचे ब्लॉक बोअरिंगच्या दुकानात रांगेत दिसतात. बोअर ५० मिमी, स्ट्रोकही ५० मिमी, ९८ सीसी, ७,५०० आरपीएमला ११ बीएचपी. यातली पद्धत कुठल्याही हवेने थंड होणाऱ्या, बीडाच्या बोअरच्या टू-स्ट्रोकला चालेल. आकडे मात्र ज्याचे त्याने काढायचे.

फट का लागते

ॲल्युमिनियम तापलं की बीडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. ५० मिमी व्यासाचा साधा ओतीव पिस्टन १०० अंशांनी तापला, तर त्याचा व्यास साधारण १०० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वाढतो. बीडाचा बोअर तेवढाच तापला तर साधारण ५५. म्हणजे दोघं बरोबरीने तापले तरी ४५ मायक्रॉन फट गिळली जाते. कागदावर हे भीतीदायक दिसतं. प्रत्यक्षात क्रँककेसमधलं गार मिश्रण स्कर्टला (पिस्टनच्या खालच्या भिंतीला) आतून लागत असतं, म्हणून स्कर्टचा खालचा भाग तेवढा तापत नाही. पिस्टनचं डोकं मात्र तापतं, म्हणूनच ते कारखान्यातच स्कर्टपेक्षा बारीक ठेवलेलं असतं.

मायक्रोमीटर हातात असेल तर एकदा गंमत म्हणून सगळा पिस्टन मोजून बघा. तो गोल नसतो आणि सरळही नसतो. गजन पिनच्या (पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या पिनच्या) दिशेने व्यास कमी, पिनला काटकोनात जास्त. वर निमुळता, खाली रुंद. पिनच्या बाजूला धातू जाड असतो, तो जास्त फुगतो, म्हणून तिथे आधीच जागा सोडलेली असते. आता प्रश्न असा की "पिस्टनचा व्यास" म्हणजे नक्की कुठला? चुका इथूनच सुरू होतात.

पिस्टन आधी, बोअर नंतर

माझा एकच हट्ट आहे. पिस्टन हातात असल्याशिवाय ब्लॉक दुकानात द्यायचा नाही. खोक्यावर ०.५० लिहिलंय म्हणून पिस्टन ५०.५० चा असतो असं समजू नका. काही कंपन्या ४० मायक्रॉन आधीच कमी करून देतात, काही ५५. एकाच कंपनीच्या दोन पिस्टनमध्ये दहा मायक्रॉनचा फरक मी स्वतः मोजलाय. बोअर ठरतो तो तुमच्या हातातल्या पिस्टनच्या मापावरून, खोक्यावरच्या आकड्यावरून नाही.

त्याआधी जुना बोअर मोजून कितव्या ओव्हरसाईजला जायचं ते ठरवा. ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० असे चार मिळतात. ०.२५ वर झीज आणि ओरखडे पूर्ण निघत असतील तरच ०.२५. खोल ओरखडा अर्धवट सोडून "चालेल हो" म्हणणाऱ्या माणसाकडून ब्लॉक उचलून आणा. थेट १.०० वर उडी मारणाऱ्यांनाही एक सांगतो. ५१ मिमीला इंजिन १०२ सीसीचं होतं. चार सीसी मिळवायला ब्लॉकची उरलेली सगळी आयुष्यं एकदम खर्च करण्यात काही अर्थ नाही.

मोजमापाची हत्यारं

व्हर्निअर बाजूला ठेवा. त्याची चूकच दोन-तीन शतांश मिलिमीटर असते आणि आपण मोजतोय पाच शतांश. हवा मायक्रोमीटर आणि ३५ ते ६० मिमीचा डायल बोअर गेज, शक्यतो एक मायक्रॉनच्या डायलचा. विकत घ्यायची गरज नाही, टूल रूममध्ये काम करणारा एखादा मित्र असला की भागतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा पिंपरी-चिंचवडमध्ये असा मित्र नसणं हेच अवघड.

इथे आरएक्सवाल्यांची एक खास अडचण आहे. मायक्रोमीटर येतात २५ ते ५० आणि ५० ते ७५ असे. स्टँडर्ड पिस्टन ४९.९५ च्या आसपास, म्हणजे पहिल्याच्या अगदी टोकाला. तोच ओव्हरसाईज ५०.२० च्या पुढे, म्हणजे दुसऱ्याच्या अगदी सुरुवातीला. स्टँडर्ड बोअरला तर पिस्टन एका मायक्रोमीटरने आणि बोअर दुसऱ्याने मोजायची वेळ येते, आणि दोघांच्या शून्यात पाच मायक्रॉनचा फरक असला तर तो थेट तुमच्या क्लिअरन्समध्ये, म्हणजे फटीत, जाऊन बसतो. ५० मिमीची सेटिंग रॉड (नेमक्या लांबीचा दांडा) घेऊन दोन्ही मायक्रोमीटर त्याच एका रॉडवर तपासा. ओव्हरसाईजला हा ताप नाही, ५० ते ७५ चा एकच पुरतो.

पिस्टन मोजणं

पिस्टन रॉकेलने धुऊन, पुसून, रिंगा न घालता ठेवा. माप पिनला काटकोनात घ्यायचं, पिस्टनच्या कागदावर दिलेल्या उंचीवर. कागद नसेल तर स्कर्टच्या खालच्या कडेपासून साधारण १० मिमी वर. आरएक्सला रीड व्हॉल्व्ह (मिश्रण आत घेणारी पातळ पट्टीची झडप) आहे, त्यामुळे इनटेकच्या बाजूला स्कर्टला खिडक्या असतात. मायक्रोमीटरचं टोक खिडकीच्या कडेवर नाही, सलग धातूवर टेकलंय ना ते बघा. रॅचेटच्या तीन टिकटिकी, वाचायचं, सोडायचं, पुन्हा. तीन वाचनं दोन मायक्रॉनच्या आत आली पाहिजेत. येत नसतील तर दोष पिस्टनचा नाही, हाताचा आहे.

स्कर्टवर काळा लेप असलेला पिस्टन असेल तर माप लेपासकट येतं. लेप पुढे काही प्रमाणात घासला जातो, म्हणून काही कंपन्या क्लिअरन्स लेपावरून सांगतात आणि काही लेपाखालच्या धातूवरून. तिथे कंपनीचा कागदच प्रमाण.

किती ठेवायचं

मी वापरतो ते आकडे देतो. साधा ओतीव पिस्टन, रस्त्यावरची गाडी: ४० ते ४५ मायक्रॉन. तोच पिस्टन, पोर्टचं काम आणि चेंबर, घाट आणि हायवे: ५०. धुळीच्या ट्रॅकवर सलग फुल थ्रॉटल: ५५ पर्यंत जातो, त्यापुढे ओतीव पिस्टनला जात नाही. घडीव पिस्टन असेल तर ६० ते ७५, कारण त्याचा मिश्रधातू जास्त फुगतो. ज्या घडीव धातूत सिलिकॉन अगदी नगण्य असतं तो सगळ्यात जास्त फुगतो, साधारण बारा टक्के सिलिकॉनचा थोडा कमी. घडीव पिस्टन सकाळी थंड असताना खडखडणार, इंजिन तापलं की गप्प बसणार. त्या आवाजाला घाबरून फट कमी केलेली इंजिनं माझ्याकडे उघडायला आली आहेत.

पाण्याने थंड होणाऱ्या मोटोक्रॉस इंजिनाचे आकडे इथे लावू नका. आपल्या ब्लॉकवर फक्त वारा येतो, आणि ट्रॅफिकमध्ये तोही नाही.

"सैल बरं, घट्ट नको" असं म्हणणारेही भेटतील. अर्धं खरं आहे. सैल पिस्टन बोअरमध्ये डोलतो, रिंगा भिंतीला सपाट बसत नाहीत, कॉम्प्रेशन गळतं, आणि इनटेकच्या बाजूचा खिडक्यांचा स्कर्ट तडकून क्रँककेसमध्ये पडतो. मग काम पिस्टनवर थांबत नाही.

दुकानातलं काम

एक खराखुरा हिशोब घेऊ. ०.५० चा ओतीव पिस्टन, तीन वाचनं: ५०.४५२, ५०.४५३, ५०.४५२. हवी फट ५०. म्हणजे तयार बोअर ५०.५०२. हा आकडा मार्करने ब्लॉकवरच लिहून द्या. चिठ्ठी दिली की ती तेलात जाते.

बोअरवाले जुने मामा थाऊमध्ये बोलतात. एक थाऊ म्हणजे साधारण २५ मायक्रॉन.

"दीड देऊ का दोन?"

"मामा, दोनच द्या. पण आधी पिस्टन मोजा, मग द्या."

"पिस्टन काय मोजायचा? ०.५० चा आहे की!"

या वाक्यावर हसून पिस्टन आणि मायक्रोमीटर दोन्ही पुढे करायचे. भांडायचं नाही. मामांचा हात चांगला असतो, फक्त आकडा आपला असायला हवा.

बोअरिंगच्या टूलने ५०.४५५ ते ५०.४६० च्या दरम्यान थांबायचं, म्हणजे होनिंगला (फिरत्या दगडांनी बोअर घासून मापावर आणायला) चाळीसएक मायक्रॉन उरतात. टूलने फाटलेला धातूचा थर होनिंगने निघून जायला एवढं लागतंच. थेट मापावर बोअर मारून वर नुसता दोन मिनिटं होन फिरवलेला ब्लॉक दिसायला चकाकतो आणि पहिल्या हजार किलोमीटरमध्ये स्वतःच सैल होतो. आधी २२० च्या दगडाने ५०.४९० पर्यंत, मग ४०० ने शेवटपर्यंत. रेषा एकमेकींना साधारण ४५ ते ६० अंशांत छेदत गेल्या पाहिजेत. दगडाला तेल भरपूर. आणि दगड बोअरच्या बाहेर फार काढायचा नाही, नाही तर तोंडं भोंग्यासारखी पसरतात.

टू-स्ट्रोकमध्ये एक पायरी जास्त असते आणि नेमकी तीच विसरली जाते. बोअर झाल्यावर सगळ्या पोर्टांच्या कडा ब्लेडसारख्या धारदार झालेल्या असतात. रिंग प्रत्येक फेरीत तिथे थोडी बाहेर फुगते आणि कडेला अडकते. बारीक कानशीने किंवा दगडाने सगळ्या कडा साधारण अर्धा मिलिमीटर उतरत्या करा, एक्झॉस्टची वरची आणि खालची जरा सढळ हाताने. हे शेवटच्या होनिंगच्या आधी करायचं, म्हणजे उठलेली बूर (कडेवरची धातूची कीस) होनिंगमध्ये निघून जाते.

गरम ब्लॉक खोटं बोलतो

आता माझी स्वतःची चूक सांगतो. मे महिना, दुपारी दोनची वेळ, पत्र्याखालचं दुकान. होनिंग संपलं आणि मी लगेच बोअर गेज आत घातला. बरोबर ४५ मायक्रॉन. खूश होऊन ब्लॉक गाडीवर टाकला, रात्रीत इंजिन बांधलं, आणि त्याच आठवड्यात आंबा घाटाच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये मागचं चाक लॉक झालं. क्लच दाबायला अर्धा सेकंद मिळाला म्हणून आज हे लिहितोय.

ब्लॉक काढला तर पिस्टनवर चार ओरखडे, पिनच्या दोन्ही बाजूंना थोडे सरकून, चार कोपऱ्यांत. असे चार कोपऱ्यांतले ओरखडे दिसले की फट कमी होती किंवा इंजिन न तापवता पिळलं, हे दोनच संशयित. ओरखडे फक्त एक्झॉस्टच्या बाजूला असते तर मी जेट, हवेची गळती, टायमिंग बघितलं असतं. गाडी व्यवस्थित तापवलेली होती. मग उरलं काय?

तर होनिंगच्या घर्षणाने ब्लॉक वीसेक अंशांनी तापलेला होता. ५० मिमी बीड वीस अंशांना ११ मायक्रॉन फुगतं. मी मोजलेले ४५ हे गरम ब्लॉकचे ४५ होते. गार झाल्यावर ते ३४ उरले, आणि घाटाला ते पुरले नाहीत. दुकानदाराचा यात काही दोष नव्हता, गेज मीच धरला होता.

तेव्हापासून शेवटचे दहा मायक्रॉन शिल्लक ठेवून ब्लॉक बाजूला ठेवतो. चहा होतो, कधी जेवणही होतं. मग पिस्टन, ब्लॉक आणि मायक्रोमीटर एकाच लादीवर तासभर शेजारी शेजारी ठेवायचे, मोजायचं, आणि मग शेवटचा हात. पिस्टन उन्हात ठेवू नका, तळहातात खेळवू नका. दहा अंशांना तोही दहा मायक्रॉन वाढतो.

बोअर मोजणं

मायक्रोमीटर पिस्टनच्या मापावर, म्हणजे ५०.४५२ वर लॉक करा. त्याच जबड्यात बोअर गेज धरून डायल शून्यावर आणा. आता गेज बोअरमध्ये घालून पुढेमागे झुलवा, काटा जिथून परत फिरतो ते वाचन. ते वाचन म्हणजेच क्लिअरन्स, वजाबाकीची गरज नाही. मायक्रोमीटर तीन मायक्रॉन चुकत असला तरी तो पिस्टनवर आणि गेजवर सारखाच चुकतो, त्यामुळे चूक आपोआप कटते. या एका युक्तीने महाग हत्यारांची निम्मी गरज संपते.

तीन उंचींवर, दर ठिकाणी दोन दिशांनी, अशी सहा वाचनं घ्या. पोर्टाच्या तोंडावर गेजचं टोक येऊ देऊ नका. वरच्या हिशोबातल्या ०.५० च्या ब्लॉकची वाचनं आली: वर ५१ आणि ५०, मध्ये ५० आणि ४९, खाली ५२ आणि ५०. क्लिअरन्स म्हणजे यातलं सगळ्यात लहान वाचन, ४९. सरासरी काढू नका, पिस्टन सरासरीत अडकत नाही. सगळ्यात मोठं आणि सगळ्यात लहान यात दहापेक्षा जास्त फरक असेल तर ब्लॉक परत मशीनवर.

फीलर गेजची पट्टी पिस्टनशेजारी सरकवून बघणं, किंवा कोरडा पिस्टन उलटा सोडून तो किती सावकाश उतरतो ते बघणं, या जुन्या मिस्त्रींच्या परीक्षा मीही करतो. मोठी चूक त्यात सापडते. पाच-दहा मायक्रॉन सापडत नाहीत.

रिंगची फटही इथेच तपासा. रिंग बोअरमध्ये घालून पिस्टनच्या डोक्याने सरळ ढकला, टोकांमध्ये ०.२० ते ०.३० मिमी हवी. कमी असेल तर टोक एकाच दिशेने हलकं घासायचं.

धुणं, बांधणं

होनिंगची पूड पेट्रोलने जात नाही. पेट्रोल तेल काढतं आणि दगडाची भुकटी रेषांमध्ये सोडून देतं. गरम पाणी, भांडी घासायचा साबण आणि ब्रश. पांढरं फडकं आत फिरवून ते पांढरंच बाहेर येईपर्यंत. माझा नियम तीन वेळा, पण पाचही होतात. कोरडं झालं की त्याच क्षणी टू-टी तेलाचा हात. पावसाळ्यात कोकणात हे काम करणाऱ्यांना सांगायला नको, नुसत्या बीडावर चहा पिऊन येईपर्यंत तांबूस रंग चढतो.

क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबा, मग सर्क्लिप (पिन जागेवर धरणाऱ्या तारेच्या कड्या) लावा. सर्क्लिप नवेच. जुने परत वापरून वाचणारे रुपये मोजण्यात अर्थ नाही. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे. रिंगांची तोंडं खाचेतल्या खिळ्यांवर बसवून दोन्ही हातांनी दाबत ब्लॉक सरळ खाली. अडला तर ठोकू नका, एखादं तोंड खिळ्यावरून सरकलंय. ब्लॉक पिळूनही बसवू नका, रिंगचं टोक पोर्टात जातं. हेडचे नट तिरक्या जोड्यांनी, तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचने.

पहिले पाचशे किलोमीटर

ऑइल पंप चालू असला तरी पहिल्या टाकीत लिटरला २० मिली टू-टी तेल वरून मिसळा. कार्ब्युरेटरमधला मेन जेट एक पायरी मोठा ठेवा. किक मारून गाडी स्टँडवरच, थ्रॉटल हलका वरखाली करत, फिन्सना हात लावता येणार नाही इतकी तापली की बंद. पूर्ण गार होऊ द्या, तास-दीड तास. असं तीनदा. तिसऱ्यानंतर हेडचे नट पुन्हा तपासा.

मग रस्त्यावर. एकाच वेगाने रेटत राहायचं नाही, वरच्या गिअरमध्ये इंजिन कण्हायला लावायचं नाही, आणि लांब उतारावर थ्रॉटल बंद करून इंजिनाने ब्रेक मारायचा नाही. थ्रॉटल बंद म्हणजे तेलही बंद, आरपीएम मात्र चढलेले. उतारावर मधूनमधून थ्रॉटल थोडा उघडून द्या.

पाचशे झाले की सायलेन्सर काढा, टॉर्च घ्या आणि किक हाताने सावकाश दाबत एक्झॉस्ट पोर्टातून पिस्टन बघा. स्कर्टवर मध्यभागी करडा पट्टा आणि त्यात कारखान्याच्या आडव्या बारीक रेषा अजून शाबूत दिसल्या तर फट बरोबर बसली. कोपऱ्यात उभी चकाकती रेघ दिसली तर ब्लॉक आत्ताच काढा, बोअर गार करून पुन्हा मोजा, दगडाचा पाच मायक्रॉनचा हात लागेल. काहीच न दिसता पिस्टन स्वच्छ राहिला असेल तर मेन जेट परत जागेवर आणा, आणि पिस्टनचं माप, सहा वाचनं, तारीख व किलोमीटर वहीत लिहून सायलेन्सर चढवा.